१८९७ची एडिथ: सायकलवरची व्हिक्टोरियन मुलगी मराठी एकांकिकेत कशी उभी करायची?

घाटावरचा_पडदा

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आमच्या हौशी संघासाठी ४५ मिनिटांची एकांकिका लिहून तयार आहे. वाचन झालं, पुढच्या आठवड्यात तालमी सुरू. नायिका संपूर्ण काल्पनिक: एडिथ हार्टली, वय २२, इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या गिल्डफर्ड गावच्या डॉक्टरची थोरली मुलगी. घरच्यांना तिच्याकडून पियानो, भरतकाम आणि चांगल्या घरातलं लग्न एवढंच हवंय. तिला गणित, सायकल आणि स्वतःची कमाई हवीय.

काळ १८६५ धरलाय. पहिल्या प्रवेशात ती आईसमोर कॉर्सेट (कंबर आवळणारी, हाडं घातलेली चोळी) काढून फेकते. दुसऱ्यात सायकलवरून गावाबाहेर पडते. तिसऱ्यात ब्लूमर (गुडघ्याशी आवळलेली फुगीर विजार) घातलाय म्हणून रस्त्यावरच्या हॉटेलात तिला चहा नाकारतात. चौथ्यात वडील तिला खोलीत कोंडतात, कारण कायद्याने मुलगी बापाच्या ताब्यात. शेवटी ती केंब्रिजची पदवी घेऊन परत येते आणि "होय, मी सफ्रजेट आहे", म्हणजे बायकांसाठी मताचा हक्क मागणारी, असं म्हणते, पडदा.

हवंय ते असं: साल आणि संदर्भ तपासून द्या. कपडे इथल्या शिंप्याला समजतील अशा मापात सांगा. सायकल खरोखर चालवायची आहे. कपडे आणि सायकल मिळून १२ हजारांत बसवायचंय. मुलीची उंची ५ फूट ३ इंच, कंबर २८, सीट ३६.


जुनी_कात्रणं

साल आधी बदला, निम्म्या अडचणी तिथेच सुटतील.

१८६५ मध्ये एडिथला बसायला सायकलच नाही. पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे (पेडल) लावलेली, लोखंडी धावेची गाडी नुकती कुठे दिसू लागली होती. मग १८७०च्या दशकात ती उंच चाकाची गाडी आली, घागरा घालून जिच्यावर चढणंच अशक्य. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी ही रचना रूढ केली ती कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीच्या १८८५च्या 'रोव्हर'ने, आणि हवेचा टायर डनलॉपने आणला १८८८ मध्ये. या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कुठे बायकांना सायकल जमेल असं यंत्र झालं. १८९५-९६ला इंग्लंडात सायकलचं वेडच आलं होतं.

१८९७ घ्या. त्या वर्षी २१ मे रोजी केंब्रिजमध्ये बायकांना नावापुरती तरी पदवी द्यावी का यावर मतदान झालं आणि प्रस्ताव दणदणीत पडला. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी सीनेट हाउससमोरच्या खिडकीतून एक पुतळा लटकवला होता: सायकलवर बसलेली, ब्लूमर घातलेली बाई. तुमच्या नाटकाची सगळी सामग्री एका चित्रात! शिवाय २२ जून १८९७ हा राणीचा हीरक महोत्सव. ही तारीख मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही, त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीत काय झालं ते त्याला शाळेपासून ठाऊक आहे. एडिथच्या घरी महोत्सवाच्या पताका लागताहेत एवढं दाखवलंत तरी काळ पक्का होतो.

आता चुका. पदवी घेऊन ती येऊच शकत नाही. केंब्रिजची बायकांची कॉलेजं, गर्टन १८६९ मध्ये आणि न्यूनहॅम १८७१ मध्ये निघालं, ट्रायपॉस या पदवीच्या परीक्षेला बसायची अधिकृत मुभा १८८१ पासून. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट गणितात सीनियर रँग्लरच्याही, म्हणजे पहिल्या आलेल्या पुरुषाच्याही वर आली, तरी पदवी नाही. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ मध्ये. म्हणजे एडिथ गणिताचा ट्रायपॉस उत्तीर्ण होऊन घरी बसलेली आहे आणि तिच्या हातात पदवी नाही. हे तुमच्या शेवटापेक्षा जास्त बोचतं.

बापाचा कायदेशीर ताबा हेही चूक. २१ वर्षं पूर्ण झालेली अविवाहित मुलगी कायद्यापुढे स्वतंत्र होती: मालमत्ता तिची, करार तिचा, कमाई तिची. गोम अशी की हे सगळं लग्न झालं की जायचं. विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता पूर्णपणे मिळाली ती १८८२च्या कायद्याने, १ जानेवारी १८८३ पासून. नवऱ्याला बायको घरात कोंडून ठेवता येत नाही हे तर अपील कोर्टाने १८९१ साली जॅक्सन खटल्यात ठणकावलं. तेव्हा बापाला कोंडू नका देऊ. तो महिन्याचे पैसे बंद करतो, सायकल विकायला काढतो, "जा, कोण अडवतंय" म्हणतो. दार उघडं आणि पाकीट रिकामं, ही कोंडी जास्त खरी आहे.

'सफ्रजेट' हा शब्द १९०६ मध्ये एका लंडनी वर्तमानपत्राने चेष्टेने काढला. १८९७ला 'सफ्रजिस्ट' म्हणत. आणि तिच्यासारख्या मुलीला पेपरवाले हिणवत ते 'न्यू वूमन' म्हणून, हा शब्द १८९४ पासून चालू. मराठीत 'नवी बाई' केलंत तर टोमणा बरोबर बसेल.


फुकटचा_प्रेक्षक

एवढं कोण बघतंय हो? ६५ काय, ९७ काय. प्रेक्षकाला घागरा आणि टोपी दिसली की इंग्लंड.


जुनी_कात्रणं

तारीख प्रेक्षकाला नाही कळणार, मान्य. पण १८६५ चा घागरा म्हणजे आत पोलादी कड्यांचा पिंजरा. तो घालून सायकलच्या दांडीवरून पाय टाकून दाखवा, मग बोलू. साल चुकलं की कपडा चुकतो, कपडा चुकला की हालचाल खोटी पडते, आणि ती बाराव्या रांगेतूनही दिसते.


उसवण_शिवण

कपड्यांचं मी सांगते. आधी कॉर्सेट फेकण्याचा प्रवेश काढा, पैसेही वाचतील.

रोजचा कॉर्सेट पुढून उघडतो. पुढे पोलादाच्या दोन पट्ट्या, एकीवर खुंट्या आणि दुसरीवर कड्या. मागची दोरी सैल करायची, पुढच्या कड्या काढायच्या, झालं. बाई एकटी घालते, एकटी काढते. पलंगाच्या खांबाला धरून उभी राहिलेली मुलगी आणि पाठीवर पाय देऊन दोरी ओढणारी मोलकरीण, हे व्यंगचित्रांचं आणि सिनेमाचं देणं. शिवाय तोच कपडा छातीचा आधार होता आणि चार-पाच परकरांचं कमरेवरचं ओझं वाटून घ्यायचा. तो फेकला की बाकीचे कपडे बसतच नाहीत. १८९०च्या दशकात सायकलसाठी आखूड, कमरेखाली लवचिक कॉर्सेट विकत मिळायचे. एडिथ शहाणी असेल तर तसा घेईल. १८८१ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीचा रोख आवळण्यावर आणि वजनावर होता. त्यांचा आग्रह असा की आतल्या कपड्यांचं सगळं मिळून वजन ७ पौंडांच्या, म्हणजे सव्वातीन किलोच्या वर जाऊ नये. सुधारणावाल्यांची ही मर्यादा, तर बाकीच्या बायका काय वागवत असतील बघा. हे वाक्य आईच्या तोंडी कुरकुर म्हणून घाला.

कोटाच्या आत कॉर्सेट दिसणार नसल्याने खरा शिवू नका. जाड ड्रिल कापडाची दोन पदरी चोळी करा, छातीखालून कमरेच्या ३ इंच खालपर्यंत. हाडांच्या जागी इलेक्ट्रिकच्या दुकानातले ८-९ मिमी रुंदीचे जाड केबल टाय, ८ पुरे: पुढे ४, बगलेत २, पाठीत दोरीच्या दोन्ही बाजूंना एकेक. कापलेली टोकं लायटरने वितळवून गोल करायची, नाहीतर तिसऱ्या तालमीला कापड फाडून बरगडीत घुसतात. टायची खोबण टायपेक्षा जेमतेम सुताभर मोठी ठेवा, सैल राहिली की टाय उलटा होतो आणि वाकताना टक्‌ आवाज येतो, तो कॉलर माइकमध्ये छान ऐकू येतो. दोरी सुती, नायलॉनची गाठ सुटते. तयार माप कमरेपेक्षा २ इंच कमी, आणि मागे दोन-अडीच इंच फट राहिलीच पाहिजे. त्या काळच्या मापांबद्दलच्या दंतकथाही इथूनच आल्यात, २० इंची कॉर्सेट म्हणजे २० इंच कंबर नव्हे, मागची फट त्यात धरलेली नसते.

बाहीचं एक. १८९५ची बाही खांद्याला फुग्यासारखी, १८९७ पर्यंत तो फुगा बराच बसला होता. कात्रणंवाल्यांनी १८९५ऐवजी १८९७ घेतल्याने तुमचं मीटरभर कापड वाचलं. खांद्यापाशी फक्त मूठभर चुण्या, आत कॅनकॅनची (कडक जाळीची) एक पट्टी, कोपरापासून खाली बाही अंगाला लागून.

आता घागरा, आणि हा या धाग्यातला माझा आवडता भाग. लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या अॅलिस बायग्रेव्ह नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने १८९५ मध्ये एका सायकल-घागऱ्याचं पेटंट घेतलं. पुढच्या आणि मागच्या शिवणीत लपवलेल्या दोऱ्या, कमरेशी ओढल्या की घागरा वर चढतो, सोडल्या की काठातल्या वजनाने खाली पडतो. पायी चालताना सभ्य बाई, सायकलवर दुसरीच. एडिथला हाच घागरा द्या. ब्लूमर घालून घरातून बाहेर पडायची तिची हिंमत नाही असं दाखवायचं नसेल तरी चालेल, पण गावाच्या वेशीबाहेर येऊन ती प्रेक्षकांसमोर दोरी ओढते, हे कॉर्सेट फेकण्यापेक्षा हजारपट चांगलं.

शिवायचा असा. सात कळ्या, लांबी ३६ इंच, खालचा घेर १०० इंच. याहून मोठा घेर वर चढल्यावर गाठोडं होतो. ४४ पन्ह्याचं टेरीकॉट सूटिंग, चमक नसलेलं, ४ मीटर. नेव्ही ब्लू त्या काळाला धरून आहे पण दिव्यात काळा दिसतो, तपकिरी किंवा करडा घ्या. अस्तर लावू नका. आतून पुढे, मागे आणि दोन्ही बगलांना अशा चार उभ्या ओळी आखा, पडद्याच्या अर्ध्या इंचाच्या कड्या काठापासून वर दर ४ इंचांवर टाका, सगळ्यात वरची कडी कमरेच्या ६ इंच खाली. ओळीला ८, एकूण ३२ कड्या. पेटंटात पुढची आणि मागचीच ओळ आहे, पण स्टेजवर दोन ओळींनी बगलेला मखराच्या झालरीसारखे झोळ पडतात, म्हणून चार. दोरी खालच्या कडीला बांधायची, बाकीच्यांतून नुसती ओवायची. पट्टीच्या आतून फिरवून पुढची आणि डावी दोरी डाव्या काजातून बाहेर, मागची आणि उजवी उजव्या काजातून. खिडकीच्या ब्लाइंडची विणलेली २ मिमी दोरी ८ मीटर घ्या. घागरा गुडघ्यापर्यंत यायला १४ इंच ओढ लागते. तेवढ्या अंतरावर दोरीला फास करून ठेवा आणि पट्टीवरच्या बटणात अडकवा. दोन हात, दोन ओढी, दोन बटणं, चार सेकंद.

काठात प्रत्येक शिवणीपाशी दोन स्टीलचे वॉशर कापडात गुंडाळून शिवा. वजन नसेल तर दोरी सोडल्यावर घागरा मधेच लोंबकळतो आणि नटीला हाताने खाली झटकावा लागतो, सगळी गंमत गेली. साधे लोखंडी वॉशर पहिल्याच धुण्यात गंजाचे डाग देतात.

आतला ब्लूमर: ४४ पन्ह्याचा एक पूर्ण पन्हा एका पायाला, लांबी ३१ इंच (कमरेपासून गुडघ्यापर्यंत २२, फुगा पडायला ६, शिलाईला ३). कापड २ मीटर. वर सगळं कमरेला चुणलंत तर ८८ इंच कापड २८ इंचांत कोंबलं जाईल आणि मुलगी पिंप दिसेल, म्हणून ५ इंची सपाट पट्टा द्या आणि चुण्या त्याच्याखाली. गुडघ्याखालची पट्टी बसलेल्या स्थितीत मोजा. उभं राहून मोजलेली पट्टी पहिल्या पायट्याला तटकन तुटते. आसन सैल हवं, नेहमीच्या सलवारीपेक्षा २ इंच जास्त, आणि तिथे दुहेरी टीप. रंग घागऱ्याहून थोडा उजळ ठेवा. इतिहासात बहुधा एकाच कापडाचं असायचं, पण मागच्या रांगेला 'घागरा वर गेला' हे दिसायला हवं.

शिंप्याला "ब्लूमर" म्हणू नका, शाळेतल्या मुलींची चड्डी शिवून देईल. "गुडघ्याला पट्टी असलेली, भरपूर घेराची चोरणी" म्हणा.


साखळी_आणि_वंगण

सायकल नवी घेऊ नका. रॉड ब्रेकची जुनी लेडीज रोडस्टर, २८ इंची चाकं, पूर्ण चेनकव्हर असलेली, कुठल्याही जुन्या दुरुस्तीवाल्याकडे कोपऱ्यात उभी असते. तिची मधली दांडी खाली झुकलेली असते, १८९०च्या लेडीज सायकलचा सांगाडाही तसाच. कॅरिअर, स्टँड, कुलूप, डायनॅमो, रिफ्लेक्टर आणि प्लास्टिकचे पायटे काढा. मागचा ब्रेक काढला तर जास्त खरं दिसेल, त्या वेळी बहुतेक सायकलींना हँडलवरून पुढच्या टायरवर दाबणारा एकच चमचा-ब्रेक असायचा. पण स्टेजवर कृपा करून दोन्ही ब्रेक ठेवा.

त्या काळच्या सायकलला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरतंय तोवर पायटे फिरणारच, उतारावर पाय काढून पुढच्या फोर्कवरच्या टेकूवर ठेवायचे. तुम्ही फिक्स करू नका, मुलगी पडेल. तिला एवढंच सांगा की पायटे मारायचं मधेच थांबवायचं नाही.

घागऱ्यासाठी मागच्या चाकाची जाळी मात्र कराच. मडगार्डच्या दोन्ही काठांना ३ मिमीच्या ड्रिलने १२-१२ भोकं पाडा, एक्सलपाशी पत्र्याची चकती बसवा आणि भोकांतून चकतीपर्यंत सुतळी पंख्यासारखी ताणा. बऱ्याच जुन्या लेडीज सायकलींना ही असायची, आणि दिसायलाही सुंदर. इथे तिचं खरं काम आहे: वर चढवलेला घागरा मागे झोळ घेतो तो नेमका स्पोकमध्ये जातो. दोरीची लोंबणारी टोकं पट्टीच्या खिशात खोचली नाहीत तर ती क्रँकमध्ये जातील. उसवण_शिवण यांनी तो खिसा सांगितला नाही, मी सांगतो, शिवा.

टायर काळे नकोत. तेव्हाचं रबर फिकट, मळकट पांढरं ते राखाडी. ऑइलपेंट दिलात तर हवा भरल्यावर पापुद्रे निघतात. फॅब्रिक कलरचे दोन पातळ हात द्या, प्रयोगाआधी ओरखडे झाका. वेळ नसेल तर काळेच राहू द्या, यावर कुणी गुण कापणार नाही.

चालवण्याचं गणित: स्टेजची दिसणारी रुंदी ३० फूट धरली आणि मुलगी चालण्यापेक्षा थोडी जास्त गतीने गेली तरी ती ४-५ सेकंदांत पार होते. म्हणून विंगेतून विंगेत जाणं हाच खरा उपयोग, स्टेजवर गोल फिरवू नका. पलीकडच्या विंगेत किमान ७ फूट मोकळी जागा आणि धरायला एक माणूस. नाट्यगृह साईखेडकर असो वा कालिदास, तारखेआधी जाऊन विंग स्वतः टेपने मोजा, दुसऱ्या संघाचा सेट तिथे रचलेला असू शकतो हेही धरून चाला. हवा नेहमीपेक्षा कमी ठेवा, लाकडी फळ्यांवर कडक टायर घसरतो. चढायचं असं: डाव्या बाजूने दांडीवरून पाय पलीकडे, उजवा पायटा वर आणि थोडा पुढे, त्यावर वजन टाकत सीटवर. पायटा खाली राहिला तर ती स्टेजवर तीन लंगड्या घेते आणि हशा पिकतो. ही चूक हटकून होते, पायटा वर लावून सायकल तिच्या हातात देणं विंगेतल्या माणसाच्या यादीत लिहा.

घंटी हवी. १८८८च्या कायद्याने सायकल 'गाडी' ठरली आणि कुणाला ओलांडताना आवाजाने इशारा देणं सक्तीचं झालं. तिचा प्रवेश घंटीनेच करा.


घाटावरचा_पडदा

अहो, एवढं! सर्वांचे मनापासून आभार. १८९७ पक्कं. कॉर्सेट आणि कोंडणं दोन्ही काढलं. आता दोन शंका. हॉटेलात चहा नाकारणं खरं की तेही सिनेमातलं? आणि कोंडलं नाही, पदवी नाही, तर शेवट कशावर करू? नुसते पैसे बंद झाले यावर पडदा पडत नाही.


मधली_घंटा

हॉटेलाचं खरं आहे, फक्त साल १८९८. गिल्डफर्डहून लंडनकडे जाताना रिपली गाव लागतं, तो रस्ता सायकलवाल्यांचा आवडता. तिथून जवळच ऑकहॅमच्या एका हॉटेलात लेडी हार्बर्टन, म्हणजे वर आलेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीवाल्या, निकरबॉकर (ब्लूमरसारखी गुडघ्यापर्यंतची विजार) घालून कॉफी रूममध्ये जेवायला गेल्या. मालकिणीने तिथे बसू दिलं नाही, बारच्या बाजूच्या खोलीत बसा म्हणाली. सायकलस्वारांच्या क्लबने खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरले, कारण कोर्टाच्या मते अन्न नाकारलंच नव्हतं, खोली तेवढी दुसरी दिली होती.

तुमचा प्रवेश त्याआधीचा आणि काल्पनिक, त्यामुळे खऱ्या हॉटेलाचं नाव घेऊ नका, पण नकाराची ही तऱ्हा उचला. मालकीण "चहा मिळणार नाही" म्हणत नाही. ती अत्यंत आदबीने म्हणते, "तुमचा चहा पलीकडे लावलाय." पलीकडे म्हणजे जिथे गाडीवान पाइप ओढत बसलेत. आणि एडिथच्या कमरेला दोन बटणं आहेत. फास सोडले की घागरा खाली, आणि कॉफी रूमचं दार उघडं. तुमचं नाटक तिथे आहे, एका वाक्याचंही भाषण न लिहिता. ती सोडते की नाही ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर एक फास सोडते, घागरा अर्धा खाली येतो, मालकीण हसते, आणि ती तो पुन्हा वर ओढून गाडीवानांत जाऊन बसते.

शेवटासाठी किल्ली घ्या. घराच्या दाराची स्वतःची किल्ली ही त्या काळात 'नव्या बाई'ची खूणच होऊन बसली होती. मुलाला मिळायची, मुलीला नाही. तिला दार उघडायला कोणीतरी जागं असायचं, म्हणजे ती कधी आली हे घराला कळायचं. बापाने पैसे तोडल्यावर ती लंडनला टायपिस्ट म्हणून लागते (त्या वेळी 'टाइपरायटर' हा शब्द यंत्रालाही आणि ते चालवणाऱ्या मुलीलाही वापरत, यावर एक विनोद होतो) आणि शेवटी भाड्याच्या खोलीची किल्ली खिशात टाकते. खिशाचीही गंमत: तेव्हाच्या घागऱ्याचा खिसा मागच्या शिवणीत, घडीत लपलेला, पटकन हातच जायचा नाही. सायकलच्या कोटाला बाहेरून खिसे द्या आणि किल्ली तिथे पडल्याचा आवाज माइकवर येऊ द्या.

टाइपरायटरसाठी टायपिंग क्लासमधलं जुनं यंत्र मागा, प्रेक्षकांकडे त्याची पाठ करा म्हणजे कंपनीचं नाव दिसणार नाही. एक बारकावा: १८९७च्या बहुतेक रेमिंग्टनमध्ये अक्षरं रुळाच्या खालून आपटायची, टाइप करणाऱ्याला चालू ओळ दिसतच नसे. बघायला रूळ उचलावा लागे. नटीला दर दोन-तीन ओळींनी तसा रूळ उचलून वाचल्याचा अभिनय द्या. आंधळेपणाने लिहायचं, मग उचलून बघायचं काय लिहिलंय. तिच्या सगळ्या आयुष्याला लागू पडतं, पण हे कुणाच्या तोंडी मात्र घालू नका.

संबोधनं: थोरली अविवाहित मुलगी म्हणून बाहेरचे तिला 'मिस हार्टली' म्हणतील, 'मिस एडिथ' अशी पहिल्या नावाची हाक धाकट्या बहिणींसाठी. मोलकरणीच्या तोंडचं 'बाईसाहेब' काढा, ते कोठीवरचं वाटतं. वडिलांना 'पपा, तुम्ही'. 'अहो बाबा' केलंत की गिल्डफर्डचं थेट पंचवटी होतं.


जुनी_कात्रणं

अवांतर: नाशिकच्या संघाने व्हिक्टोरियन बंडखोर मुलगी शोधायला सरेपर्यंत जायची गरज नव्हती. कॉर्नेलिया सोराबजी १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकमध्येच जन्मली. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर, १८८९ पासून ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये, तिथे कायदा शिकणारी पहिली बाई. १८९२ मध्ये बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० उजाडावं लागलं. तुमच्या एडिथचंच दुखणं.


घाटावरचा_पडदा

ठाऊक आहे, पण ती खरी व्यक्ती. तिच्या तोंडी मनाची वाक्यं घालायला धजत नाही. एडिथशी तिची भेट घडवावी का? की रखमाबाईंची?


जुनी_कात्रणं

१८९७ मध्ये दोघीही हिंदुस्थानात होत्या. रखमाबाई लंडनच्या मेडिकल स्कूलमध्ये होत्या त्या १८८९ ते १८९४. भेट नको. फार तर एडिथच्या टेबलावर ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमधल्या मैत्रिणीचं पत्र ठेवा आणि त्यात एका ओळीत "साडी नेसून कायद्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलीची इकडे अजून गोष्ट सांगतात" एवढं येऊ द्या. नाव नको. ज्याला कळायचं त्याला कळेल, नाशिककराला तर नक्कीच.


उसवण_शिवण

मधली_घंटा यांनी सुचवलेला 'एक फास सोडून पुन्हा वर' हा प्रकार देखणा आहे, पण दुरुस्ती लागेल. डावा फास सोडला की पुढची आणि डावी बाजू पडते, मागची वरच राहते, म्हणजे घागरा तिरका. प्रवेशाला तिरकाच हवा असेल तर उत्तम. मात्र पुन्हा ओढताना वॉशरच्या वजनाने दोरी कड्यांत अडखळते, म्हणून त्या दोन ओळींच्या कड्या प्लास्टिकच्या नकोत, पितळेच्या घ्या, आणि दोरीवर मेणबत्ती घासा. दर तालमीआधी घासा, एकदा घासून भागत नाही. आणि सोडताना तिने हॉटेलच्या खुर्चीपासून हातभर लांब उभं राहायचं. घागऱ्याचा काठ खुर्चीच्या पाठीवर पडला तर पुढच्या ओढीला खुर्ची तिच्याबरोबर येईल.